नॉर्मलची बाटली

समितीवर काम करणं म्हणजे नेमकं काय, हे मी सासूबाईंना शेवटपर्यंत पटवू शकले नाही. "पगार भेटते का?" नाही. "जेवण तरी देतेत का?" नाही, चहा आणि चिवडा. "मंग रविवारचं घर टाकून जातेस कायले?" यावर माझा राग नाकाच्या शेंड्यावर यायचा. मी पातळाला पिना लावायचे, चपला घालायचे आणि निघायचे. मागून त्यांचं सुरू राहायचंच.

मी वर्ध्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. सेलूजवळच्या आमच्या गावातून शिकायला नागपूरला गेलेली मी पहिली मुलगी. वडिलांना वाटायचं, पोरगी अर्धी डॉक्टर झाली. खरं म्हणजे आम्हाला दवाखान्यात कुणी ओळखायचंही नाही. लॅब नेहमी मागच्या बाजूला, अंधाऱ्या खोलीत, धुण्याच्या मोरीशेजारी. पेशंट डॉक्टरांना हात जोडायचे, नर्सला साडीचोळी करायचे, आणि आम्हाला बघून म्हणायचे, "ते रक्त काढणारी आली." अशा सगळ्या मागच्या खोल्यांतल्या माणसांनी मिळून जिल्ह्याची एक संघटना काढली होती. तिच्या समित्या भरपूर. सभासद समिती, सत्कार समिती, आणि एक परीक्षण समिती, जिच्यावर जायला कुणी राजी नसायचं. कारण तिथं दुसऱ्यांच्या चुका काढायच्या असत, आणि स्वतःच्याही निघत.

ती समिती भाऊंची. भाऊ म्हणजे संघटनेचे चिटणीस. आर्वी नाक्याकडे त्यांचं घर, पुढच्या खोलीत त्यांची स्वतःची लॅब आणि मागे अंगण. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आवाज असा की अंगणात बोलले तर रस्त्यावरचा सायकलवाला वळून बघेल. मी समितीवर आले ती भांडूनच. वार्षिक सभेत उभी राहून म्हणाले, "सगळ्या समित्यांवर पुरुषच कसे? आम्ही काय नुसत्या बाटल्या धुवायला आहोत?" सगळे माना खाली घालून बसले. भाऊ मात्र हसले आणि म्हणाले, "लिहा हो बाईंचं नाव परीक्षण समितीत. मले भांडणारंच माणूस पाह्यजे होतं." तेव्हापासून ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ.

त्या काळी प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा. समुद्रपूरला युरिया साठ निघाली म्हणून पेशंट घाबरून वर्ध्याला यावा, तर इथं तीस. मग डॉक्टर म्हणायचे, लॅबवाल्यांचा काही भरवसा नाही. हे वाक्य भाऊंना फार लागायचं. ते म्हणायचे, "दुकानदाराच्या तराजूले तरी सरकार शिक्का मारते. आपल्याले कोण मारते?" म्हणून त्यांनी परीक्षणाची पद्धत काढली. वर्षातून दोनदा समितीनं रक्ताच्या पाण्याच्या, म्हणजे सीरमच्या, छोट्या बाटल्या भरायच्या, थर्मासात बर्फ घालून जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबना पोचवायच्या. एक बाटली आजारी माणसाची, एक निरोगी माणसाची. प्रत्येकानं तपासायचं, आणि मग ठरलेल्या रविवारी भाऊंच्या अंगणात जमायचं.

तिथला नियम मोठा कडक. कागद आणायचा नाही. एकेकानं उभं राहायचं आणि आपला आकडा मोठ्यानं सांगायचा. कागद असला की माणूस शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो आणि हळूच आपला आकडा बदलतो, असं भाऊंचं म्हणणं. ते खडू घेऊन फळ्यापाशी उभे. पन्नाशीची माणसंही शाळेतल्या पोरांसारखी उभी राहायची आणि पुटपुटायची. "मोठ्यानं बोला. जे दिसलं तेच सांगा, आणि जे सांगितलं त्यावर उभे राहा," एवढंच भाऊ म्हणायचे.

आता ही निरोगी बाटली कुणाची? परदेशी कंपन्यांचं तयार सीरम मिळतं असं आम्ही ऐकून होतो, पण ते मुंबईच्या पुढे काही येत नव्हतं. वर्ध्याला निरोगी रक्त म्हणजे लॅबवाल्याचं स्वतःचं. हे आमच्या धंद्यात तेव्हा सगळीकडेच चालायचं. नवीन औषध उघडलं, मशीनचा काटा हलला, शंका आली, की पहिल्यांदा स्वतःच्या दंडाला पट्टी बांधायची. आपण उभे आहोत, काम करतोय, म्हणजे आपण नॉर्मल. तर समितीची नॉर्मलची बाटली वर्षानुवर्षं भाऊंच्या दंडातून यायची, आणि ती काढायचं काम माझ्याकडे. सुई टोचली की ते दर वेळी म्हणायचे, "पाहा ताई, अख्खा जिल्हा माह्या रक्तावर चालते." युरियाचा नॉर्मल आकडा चाळिसाच्या आत. भाऊंचा पंचवीस, अठ्ठावीस, फार तर तीस. इतकी वर्षं तोच आल्यामुळे पुढे पुढे आम्ही तो आधी तपासणंही सोडून दिलं.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. समुद्रपूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. सभेच्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि सगळं ऐकायच्या. ऐकून ऐकून त्यांना चाळिसाचं गणित पाठ झालं होतं. कुणी बावन्न सांगितलं की त्या पदरात हसायच्या आणि नंतर मला विचारायच्या, "आज आर्वीवाले नापास झाले न?" एक त्यांना पक्कं कळलं होतं, की सगळ्यांचा आकडा एक आणि एकाचाच वेगळा आला, तर त्या एकाचं चुकलं. त्यांना माहेरची माणसं भेटली की त्या अभिमानानं सांगायच्या, आमच्या घरी जिल्ह्याच्या परीक्षा होतात.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा विचित्र झालं. नॉर्मलच्या बाटलीला हिंगणघाटवाले म्हणाले, अठ्ठावन्न. सेलूवाले म्हणाले, साठ. समुद्रपूरवाले एकसष्ट. माझाही साठच्या आसपास. भाऊ खडू धरून बघतच राहिले. मग जी सरबत्ती सुरू झाली! "डिस्टिल्ड पाणी कुठून आणता तुम्ही? विहिरीतून? किती उकळून राह्यले? चहा करून राह्यले का युरिया करून राह्यले?" युरिया तपासायची तेव्हाची रीत अशी की औषध घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवायची; गुलाबी रंग येतो; जितकी युरिया जास्त तितका रंग गडद. कमीजास्त उकळलं तर रंग बिघडतो हे खरंच. उन्हानं एस.टी.त बाटल्या तापल्या असतील असंही कुणी म्हणालं. सेलूवाले म्हणाले, "माह्यी बाटली एस.टी.त नाई आली. मीच घेऊन गेलतो, बर्फात." भाऊंनी त्यांना खाली बसवलं.

सभा संपल्यावर भाऊ मला म्हणाले, "ताई, माह्या लॅबमध्येही जास्तच आलती. तपासायचं औषध खराब झालं म्हणून सगळं मोरीत फेकून दिलं. दुसरं बनवलं, तेही तसंच." मीही मान हलवली. म्हणाले, "उन्हाळाच वाईट आहे, भाऊ." आता हे कुणाला सांगितलं तर हसतील. गावातला शेंबडा पोरगाही सांगेल की दहा जणांना एकच दिसतंय तर ते तिथं आहे म्हणून. पण आम्ही लॅबवाले होतो. आमच्या डोक्यात नॉर्मल म्हणजे भाऊ, आणि भाऊ म्हणजे नॉर्मल. औषध खराब होऊ शकतं, पाणी खराब होऊ शकतं, मशीन बिघडू शकतं. भाऊ कसे बिघडतील?

दिवाळीआधी दुसरी फेरी घेतली. बाटली पुन्हा भाऊंचीच, कारण त्यांना सिद्ध करायचं होतं की चूक इतरांची आहे. मी दंडाला रबरी पट्टी बांधली आणि सोडली, तर तिचा वळ तसाच राहिला. बोटानं दाबलं तर खळगा पडला. डोळ्यांखालीही सूज होती. मी म्हणाले, "भाऊ, अंगावर सूज दिसते." ते म्हणाले, "जाड होऊन राह्यलो. तुमच्या वहिनीच्या हातचं खाऊन खाऊन." मी बाटलीला चिठ्ठी चिकटवली. आम्हाला माणसं बघायची सवय नसते, बाटल्या बघायची असते.

त्या रविवारचे आकडे अजून वर गेले. पंच्याऐंशी, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. समुद्रपूरचे टेक्निशियन आमच्यातले सगळ्यात वयस्कर, सरकारी दवाखान्यातले, धोतर नेसून यायचे. त्यांनी ब्याण्णव सांगितल्यावर भाऊंचा तोल गेला. "तुम्ही लॅब बंद करा आणि पानठेला टाका. माणसाच्या जिवाशी काऊन खेळून राह्यले?" म्हाताऱ्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मला ते बघवेना. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "भाऊ, पुरे. सगळ्यांचं एकसारखं चुकत नसतं. चूक असेल तर त्या बाटलीत आहे."

"त्या बाटलीत माह्यं रक्त आहे, ताई."

"मग तुमच्या रक्तातच खोट असेल!"

सगळे खो खो हसले. भाऊही हसले. मला खरंच काही सुचवायचं नव्हतं, मी नुसती चिडले होते. भाऊ हसत हसत फळ्याकडे वळले, आणि तसेच उभे राहिले. वरपासून खालपर्यंत त्यांनी एकेक आकडा वाचला असावा. मग खडू खाली ठेवला, हाताची धूळ झटकली, आणि मला म्हणाले, "ताई, आत या. आता घ्या, ताजं." इतक्या हळू आवाजात बोललेले भाऊ मी त्याआधी ऐकले नव्हते. मी रक्त घेतलं, त्यांनी स्वतः नळी उकळली. रंग सरबतासारखा लाल झाला. आम्ही दोघंही त्या नळीकडे बघत राहिलो. बाहेर माणसं चिवडा खात होती. भाऊ म्हणाले, "घरात बोलायचं नाई."

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या आकसल्यात, बऱ्याच दिवसांपासून; त्या गाळत नाहीत म्हणून युरिया रक्तात साचतेय. औषधानं थोडं ढकलता येईल, एवढंच. रक्त धुवायचं मशीन तेव्हा मुंबईत. कायमचा इलाज एकच, घरच्या माणसाची किडनी काढून बसवायची, तेही वेल्लोरला. भाऊ एकुलते एक. आईवडील केव्हाच गेलेले, आणि मुलगी अजून शाळेत. नागपूरहून परतताना एस.टी.त मी त्यांच्या शेजारी बसले होते. सेलू मागे गेलं तसे ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदाही माह्या मनात आलं नाई, ताई, की नॉर्मल माणूस आजारी पडते." खिडकीबाहेर कापसाची वेचणी चालली होती, मी तिकडे बघत बसले.

वहिनींना त्यांनी सांगितलं, किडनीला थोडी सूज आहे, औषधानं उतरते. समितीतल्या सगळ्यांना त्यांनी तसंच बोलायला लावलं. मला याचा इतका राग यायचा! जो माणूस आमच्याकडून अंगणात उभं करून खरं वदवून घ्यायचा, तो स्वतःच्या स्वयंपाकघरात खोटं बोलत होता. मी एकदा म्हणालेही, "भाऊ, हे बरोबर नाही." त्यांनी नुसता हात हलवला. वहिनी बिनमिठाचं करायच्या, डाळ बंद केली, ताटात काय वाढू म्हणून रोज डोकं खाजवायच्या. मी गेले की दारापर्यंत सोडायला यायच्या आणि विचारायच्या, "ताई, आकडा उतरून राह्यला न?" मी म्हणायचे, डॉक्टरांना विचारा. चप्पल घालायच्या निमित्तानं मी खाली बघायचे.

थंडीत भाऊंनी समिती बोलावली. तोपर्यंत ते फार उतरले होते. चेहरा मातकट, अंगाला खाज, उचकी लागली की थांबायची नाही. म्हणाले, "मागच्या दोन्ही फेऱ्यांत सगळे बरोबर होते, मी चूक होतो. मी चारचौघांत बोललो त्याईले. आता चारचौघांतच पुन्हा फेरी घ्यायची, माह्याच बाटलीची. सगळ्याईले सांगूनच द्या, कोणाचं रक्त आहे ते." मी म्हणाले, "कशाला हे? काय मिळणार आहे?" ते म्हणाले, "ओळखीच्या माणसाचं रक्त असलं तरी आकडा तोच सांगायचा. हे शिकवायचं राह्यलं होतं." वहिनी दारातून ऐकतील म्हटलं, तर म्हणाले, "ऐकू द्या. माह्यानं सांगणं होत नाई." त्यांचा नागपूरचा आकडा त्यांना ठाऊकच होता. हट्टी माणूस. मी रक्त काढलं. ते पूर्वीसारखं दाट लाल राहिलं नव्हतं, पाणी मिसळल्यासारखं फिकट झालं होतं. या वेळी जिल्हा माझ्या रक्तावर चालतो वगैरे काही ते बोलले नाहीत.

रविवारी झाडून सगळे आले. एरवी ज्यांना दहा निरोप धाडावे लागत तेही आले. अंगणात ऊन होतं. भाऊ शाल पांघरून खुर्चीत, फळा त्यांच्याजवळ ओढून घेतलेला. वहिनी ट्रे घेऊन दारात. भाऊंनी कष्टानं, थांबून थांबून समुद्रपूरच्या म्हाताऱ्यांची माफी मागितली. म्हातारे म्हणाले, "जाऊ द्या न साहेब." मग भाऊ म्हणाले, "चला, हिंगणघाट."

हिंगणघाटवाले उभे राहिले. म्हणाले, "छत्तीस."

भाऊंचा खडू फळ्याला टेकला होता, तो तिथंच राहिला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग आर्वीवाले उठले. "चौतीस." सेलूवाले उठले, माझ्या माहेरचे, मी त्यांना लहानपणापासून ओळखते, त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. "अडतीस," म्हणाले, आणि कान लाल झाले. एकापाठोपाठ एक उठत होते आणि भाऊंना निरोगी करून बसत होते. त्यांनी आपसात काही ठरवलं नव्हतं, हे मी नंतर प्रत्येकाला खोदून विचारलं. ज्यानं त्यानं आपापल्या लॅबमध्ये ती गडद नळी बघितली होती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडून हेच आलं. समुद्रपूरचे म्हातारे धोतर सावरत उठले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "चाळीस, साहेब." त्यांच्यानं याहून खाली उतरवलं गेलं नाही.

मी वहिनींकडे बघितलं, आणि नको होतं बघायला. प्रत्येक आकड्याला त्यांचा चेहरा उजळत होता. त्यांनी ट्रे उंबऱ्यावर ठेवला होता आणि पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं होतं. "उतरला न?" त्या मोठ्यानंच म्हणाल्या, भरल्या सभेत, पहिल्यांदाच. "मी म्हणत नव्हती? बिनमिठाचं खाल्लं तर उतरते म्हणून?"

कुणी वर बघेना. भाऊ माझ्याकडे बघत होते. शेवटी माझा नंबर राहिला होता.

माझा स्वभाव वाईट आहे, माझं तोंड आवरत नाही, हे मी आयुष्यभर ऐकलंय. पण त्या दिवशी तोंड उघडायचं माझ्या जिवावर आलं होतं. वाटलं, पस्तीस म्हणावं आणि बसावं. त्या माउलीला एक रविवार मिळेल. पण भाऊ बघत होते, आणि त्या नजरेत रागही नव्हता, हुकूमही नव्हता. ते नुसते एकटे पडले होते. इतक्या माणसांत, प्रेमाच्या माणसांत, त्यांच्यासोबत खरं धरून उभं राहायला कुणी नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "दोनशे दहा."

वहिनी हसल्या. "ताई, तुमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "सगळ्याईचे चाळिसाच्या आत आले. एकाचाच वेगळा आला तर त्याचं चुकते न?"

"ताईचं बरोबर आहे," भाऊ म्हणाले. त्यांनी दोनशे दहा फळ्यावर लिहिलं. बाकीच्यांचं काहीच लिहिलं नव्हतं. "नागपूरलेही तेवढीच आलती."

वहिनींनी अंगणातल्या एकेका माणसाकडे बघितलं. ज्यांना वर्षानुवर्षं चहा दिला त्या सगळ्यांच्या माना खाली. मग त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या, पुरुषांच्या त्या घोळक्यातून चालत, आणि भाऊंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या. "दोनशे दहानं काय होते?" त्यांनी विचारलं. भाऊंनी सांगितलं. काही लपवलं नाही. किडन्या गेल्या आहेत, औषधानं परत येत नाहीत, दुसऱ्याची बसवली तरच माणूस जगतो.

"दुसऱ्याची म्हंजे कोणाची?"

"घरच्या माणसाची."

"मंग मी कोण आहो?" त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. "घ्या. काय घ्यायचं ते घ्या. काऊन सांगितलं नाई मले?"

"तुह्यी चालत नाई," भाऊ म्हणाले. "तुह्या रक्ताचा ग्रुप 'बी' आहे. माहा 'ओ'. ओ ले फक्त ओ चालते. तू देतो म्हणशील, अन् चालत नाई म्हणून सांगायले माह्यी जीभ उचलत नव्हती. म्हणून नाई सांगितलं." आणि इतका वेळ धीर धरलेला तो माणूस रडायला लागला. त्यात उचकी लागली. समुद्रपूरच्या म्हाताऱ्यांनी उठून त्यांना पाणी दिलं.

वहिनी मात्र रडल्या नाहीत. "कधी पाह्यला होता माहा ग्रुप?"

"लॅब टाकली तेव्हा. लग्नाच्या दुसऱ्या साली."

"तेव्हा हात कच्चा असंल तुमचा." त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, पुन्हा पाहा. तुमच्या लोकाईच्या चुका होतेत. इतके वर्षं दारात उभी राहून मी तेच तर ऐकलं."

मी आत गेले, फ्रिजमधून ग्रुप तपासायच्या सीरमच्या दोन बाटल्या आणल्या, निळी 'ए' ओळखायची आणि पिवळी 'बी', आणि पांढरी टाइल आणली. वहिनींचं बोट पुसून टोचलं. टाइलवर रक्ताचे दोन थेंब घेतले. एकात निळं घातलं, एकात पिवळं. पिवळ्यातला थेंब सपाट राहिला तर भाऊंना किडनी मिळेल, त्यात रक्ताचे दाणे पडले तर ग्रुप 'बी'च, मग नाही, इतकं साधं. ही तपासणी मी इतक्या वेळा केली होती की डोळे मिटून केली असती. सगळे माझ्याभोवती गोळा झाले, हिंगणघाट, आर्वी, सेलू, समुद्रपूर, सगळी आपली माणसं, ज्यांनी आयुष्यभर एकच धडपड केली होती की आपलं चुकू नये. त्या अंगणात त्या घडीला प्रत्येक जण मनात एकच मागत होता, की भाऊंचं चुकलेलं असावं. मीही तेच मागत होते, मला लाज नाही वाटत सांगायला. मी टाइल हळूहळू हलवू लागले. पिवळ्यातल्या थेंबात लगेच दाणे पडायला लागले. मी तरी हलवत राहिले.

भाऊ त्यानंतर होळीपर्यंत होते. वहिनी त्यांच्या खाटेपाशीच निजायच्या आणि त्यांच्यात काही लपवाछपवी उरली नव्हती, एवढं त्यांच्या बोलण्यातून मला कळायचं. पण त्या दिवशी वहिनी वाकून टाइल बघत होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही, दाणे कुणालाही दिसतात. "एका बोटाचं काय खरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. मी तेही टोचलं.